आठवते तीच शर्यत लिही

ताई,
मी १९ वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून पोहते, माझा मुख्य प्रकार बटरफ्लाय. यंदा आमच्या क्लबला २५ वर्षं पूर्ण होतायत म्हणून स्मरणिका निघणार आहे, आणि सरांनी सगळ्या जुन्या-नव्या पोहणाऱ्यांना ‘माझी अविस्मरणीय शर्यत’ या विषयावर एकेक पान लिहायला सांगितलंय. माझ्याकडे २०० मीटर बटरफ्लायचं सुवर्णपदक आहे. घरचे म्हणतात, त्यावरच लिही, चांगलं काहीतरी छापून येऊ दे. पण त्या शर्यतीतलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. लिहायला बसले की डोळ्यांसमोर येते ती तीन वर्षांपूर्वीची ४ बाय १०० मीटर मेडले रिले. त्यात चौघी एकीमागून एक १०० मीटरचा एकेक लेग पोहतात, क्रमाने बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइल. आम्ही तिसऱ्या आलो होतो. चौघी एकमेकींना मिठ्या मारत होतो आणि तेवढ्यात बोर्डावर आमच्या टीमपुढे डीक्यू, म्हणजे बाद, असं आलं. मी उडी मारायचा ब्लॉक लवकर सोडला होता. शेवटचे १०० मीटर पोहणारी माझी मैत्रीण त्यानंतर स्पर्धेत उतरलीच नाही, तिची ती शेवटची शर्यत ठरली. आम्ही आजही बोलतो, पण त्या दिवसाबद्दल कधीच नाही. पदकावर लिहिलं तर मलाच खोटं वाटेल. रिलेवर लिहिलं तर सगळ्यांसमोर रडगाणं गायल्यासारखं होईल, आणि त्या तिघींना काय वाटेल? मी काय करू?
— तिसऱ्या लेगची बटरफ्लायवाली

प्रिय बटरफ्लायवाली,

रिलेवर लिही. मात्र लिहायच्या आधी तुला एक फोन करायचा आहे. कोणाला आणि काय बोलायचं, ते पुढे सांगते.

सुवर्णपदकाची शर्यत आठवत नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. तो कृतघ्नपणा नाही आणि मन कोतं असल्याची खूणही नाही. २०० मीटर बटरफ्लाय ज्यांनी मन लावून पोहलंय, त्यांतल्या पुष्कळांचं असंच होतं. ब्लॉकवर असताना सगळं लक्ष कानात असतं. सिग्नल वाजला की डोकं पाण्यात, खाली तळाची काळी रेघ, पुढे आपल्याच हातांनी उडालेलं पाणी. पहिले ५० मीटर हात आवरून पोहायचे, तिसऱ्या लॅपला खांदे नाही म्हणायला लागतात आणि चौथा लॅप निव्वळ सवयीवर निघतो. तयारी जितकी पक्की तितकं शर्यतीत ठरवायला कमी उरतं. आणि जिथे ठरवायलाच काही नसतं तिथे लक्षात राहायलाही फारसं काही नसतं. शेजारच्या लेनमधली पुढे आहे का मागे, हेसुद्धा बटरफ्लायमध्ये धड दिसत नाही. भिंतीला हात लावून मागे वळल्यावर बोर्ड सांगतो की तू पहिली आलीस. म्हणजे तुझ्या विजयाची बातमी तुला इतरांबरोबरच कळली.

अमेरिकेच्या मायकल फेल्प्सने २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये हीच, २०० मीटर बटरफ्लायची शर्यत १:५२.०३ अशा विश्वविक्रमी वेळेत जिंकली. या शर्यतीची गोष्ट निघते तेव्हा सुवर्ण आणि विक्रम मागे पडतात, सांगितलं जातं ते गॉगलचं. त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, वाढत गेलं आणि शेवटी समोरची भिंत दिसेना. मग त्याने स्ट्रोक मोजून भिंत गाठली. शर्यत संपल्यावर वेळ पाहून तो नाराजच होता. जिथे गोष्ट बिघडली आणि तिथल्या तिथे काहीतरी ठरवावं लागलं, तीच जागा त्या शर्यतीत सगळ्यांच्या लक्षात राहिली.

तुझी रिले तुला आठवते त्याचं कारणही मला तिथेच दिसतं. लाज हे एक कारण असेल, पण ते एकटं पुरत नाही. अख्ख्या जलतरणात रिले ही एकच शर्यत अशी आहे, जिच्यात पोहणारी ब्लॉकवर उभी राहून, डोळे उघडे ठेवून, आपल्या डोळ्यांवर विसंबून सुटण्याची वेळ ठरवते. एकट्याच्या शर्यतीत सिग्नल ठरवतो. रिलेत पहिली सोडली तर बाकी तिघींना स्वतः ठरवावं लागतं. पायाची बोटं ब्लॉकच्या काठावर घट्ट, समोरून आपली मैत्रीण येतेय, बाजूच्या ब्लॉकवरच्या मुली वाकलेल्या, मागून क्लबचा आरडाओरडा. त्या दोन-तीन सेकंदांत माणूस जितकं पाहतो तितकं सबंध २०० मीटरमध्ये पाहत नाही.

आणि मेडले रिलेत तुझ्या वाट्याला आलेला चेंजओव्हर, म्हणजे एकीने भिंतीला लागणं आणि दुसरीने सुटणं, सगळ्यांत अवघड. हे तुझ्या स्मरणिकेच्या वाचकांना बहुधा माहीत नसेल, म्हणून इथे जरा थांबते. फ्रीस्टाइलवाली भिंतीकडे येते तेव्हा तिचा वेग बराचसा एकसारखा असतो. हातामागून हात पडतो, अंदाज बांधता येतो. ब्रेस्टस्ट्रोकचं तसं नाही. त्यात प्रत्येक स्ट्रोकमध्ये वेग चढतो आणि पडतो. हात आत येतात, पाय ओढले जातात, तेव्हा ती जवळजवळ थांबते. मग किक बसते आणि ती एकदम पुढे सरकते. शेवटच्या दीड मीटरवर तिच्यापुढे दोन वाटा असतात. हात लांब करून सरकत भिंतीला लागायचं, किंवा भिंत अजून दूर वाटली तर आणखी एक आखूड स्ट्रोक मारायचा. तिने काय ठरवलं ते ब्लॉकवरच्या मुलीला कळेपर्यंत या मुलीचे स्वतःचे हात फिरायला लागलेले असतात आणि अंग पुढे झुकलेलं असतं. तिथून मागे येता येत नाही. ती लांब सरकत आली तर तुझा चेंजओव्हर झकास. तिने आखूड स्ट्रोक घेतला तर तू बाद.

नियम सांगतो की येणारीचा हात भिंतीला लागेपर्यंत जाणारीचे पाय ब्लॉकवरून सुटता कामा नयेत. हात आधी फिरवायला, अंग आधी झुकवायला हरकत नाही, पाय मात्र टेकलेले हवेत. भिंतीवरचं टचपॅड (हात लागल्याची नोंद करणारी पाटी) आणि ब्लॉक यंत्राने जोडलेले असतात तिथे ०.०३ सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेतात. यंत्र नसलं तर पंच डोळ्यांनी पाहतात, एक नजर हातावर, एक पायांवर. आणि कोच कायम काय सांगत असतात? अंतर कमी करा, ब्लॉकवर वेळ घालवू नका, रिले तिथेच जिंकली जाते. त्यांचं बरोबरच आहे. म्हणून लवकर सुटणं ही आळशी किंवा बेफिकीर पोहणारीची चूक सहसा नसते. जे करायला शिकवलंय तेच जरा जास्त केल्याची ती चूक असते.

२००७ साली मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या ४ बाय १०० मेडले रिलेच्या हीटमध्ये, म्हणजे अंतिम फेरीआधीच्या प्राथमिक शर्यतीत, अमेरिकेची टीम बाद झाली. इयन क्रॉकर ०.०४ सेकंद आधी सुटला होता. मुभा ०.०३ची, म्हणजे गेलं ते एका शतांशाने. क्रॉकर बटरफ्लायवाला, तिसऱ्या लेगवर, ब्रेस्टस्ट्रोकवाल्याच्या मागून सुटणारा. अगदी तुझीच जागा. फेल्प्सने त्या स्पर्धेत सात सुवर्णपदकं मिळवली होती. या रिलेत अमेरिका अंतिम फेरीत गेली असती तर आठवं मिळण्याची संधी होती, ती हीटमध्येच संपली.

ही गोष्ट एवढ्यावर सोडली तर ‘मोठ्यांच्याही चुका होतात’ असा कोरडा दिलासा होईल, आणि तो मला तुला द्यायचा नाही. त्याच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही ऐक. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये क्रॉकर आजारी होता. ४ बाय १०० फ्रीस्टाइल रिलेत त्याचा पहिला लेग फार हळू गेला आणि अमेरिकेला कांस्यावर समाधान मानावं लागलं. पुढे १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्सने त्याला ५१.२५ विरुद्ध ५१.२९ असं हरवलं, आणि मेडले रिलेच्या अंतिम फेरीतली बटरफ्लायची जागा फेल्प्सची झाली. फेल्प्सने ती क्रॉकरला देऊन टाकली. क्रॉकर पोहला आणि टीमने ३:३०.६८ असा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. मग मेलबर्न. मग २००८चं बीजिंग. तिथे याच मेडले रिलेच्या हीटमध्ये बटरफ्लायचा लेग पुन्हा क्रॉकरकडे होता. तो पोहला, टीम पुढे गेली, अंतिम फेरीत फेल्प्स उतरला आणि त्याचं आठवं सुवर्ण याच शर्यतीत आलं. हीटमध्ये पोहणाऱ्यांनाही पदक मिळतं, त्यामुळे क्रॉकरलाही सुवर्ण मिळालं. पोहणाऱ्यांमध्ये ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा मेलबर्नचा तो एक शतांश कोणी गाळत नाही. आणि त्याच्यापाशी कोणी थांबतही नाही. चार जणांच्या शर्यतीत देणंघेणं असं दोन्ही बाजूंनी चालू असतं.

तुझी गोष्ट मात्र तीन वर्षं बोर्डावरच्या त्या दोन अक्षरांपाशीच थांबली आहे. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात मिठी आहे, डीक्यू आहे, तू ब्लॉक लवकर सोडलास ते आहे. पोहणं कुठेच नाही. चौघी मिळून ४०० मीटर पोहलात, त्यातलं एक मीटरसुद्धा पत्रात आलेलं नाही.

मला त्यातला एक भाग फार मोलाचा वाटतो. तुझा लेग संपला, तू भिंतीला हात लावलास, तुझ्या डोक्यावरून तुझी मैत्रीण पाण्यात गेली. तू धापा टाकत बाहेर आलीस आणि ब्लॉकच्या मागे उभी राहिलीस. आणि तिचे १०० मीटर पाहिलेस. पाहिलेसच, कारण तू बाद आहेस हे तेव्हा तुला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. ती पदकासाठी पोहत होती. टर्न कसा झाला, बाहेर आल्यावर ती कितवी होती, शेवटच्या १५ मीटरमध्ये तिने श्वास घेतला की डोकं खाली ठेवून तशीच आली, हे तिला स्वतःला सांगता येणार नाही, कारण तिचं डोकं पाण्यात होतं. ब्लॉकच्या मागून ते तू पाहिलंस. निकालपत्रात बाद झालेल्या टीमची वेळ छापत नाहीत, त्यामुळे कागदावर तिची शेवटची शर्यत झालीच नाही असं दिसतं. पण ती झाली. ती पोहली, आणि तिसरी येऊन भिंतीला लागली. आणि तीन वर्षांत तू तिला त्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाहीस. का, ते मला समजतं. चांगलं काही बोलायला गेलं तरी आधी तुझ्या चुकीपाशी यावं लागतं, म्हणून दोघी त्या वाटेलाच जात नाही.

म्हणून पहिला फोन तिला. ग्रुपवर मेसेज टाकू नकोस, चौघींच्या समोर तिला मोकळं बोलता येणार नाही. शक्य असेल तर भेटच. बोलायचं साधं. स्मरणिकेत मला आपल्या मेडले रिलेवर लिहायचंय, तुझी हरकत नसेल तर. त्यात मी लवकर सुटले हे स्वच्छ लिहिणार आहे आणि तुझ्या शेवटच्या लेगबद्दल लिहिणार आहे, मला तो चांगला आठवतो. एवढं सांग आणि थांब. तिला बोलू दे.

माफी मागायची असेल तर एकदाच माग, एका वाक्यात. पुन्हा पुन्हा मागितलेल्या माफीला उत्तर देण्याचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. ‘अगं नाही गं, असू दे’ असं तिलाच तुला समजवावं लागतं. तिची शेवटची शर्यत गेली आणि वर सांत्वनही तिनेच करायचं, हे बरं नाही. ती चिडली तर चिडू दे. तीन वर्षं साठलेला राग असेल तर तो तुला ऐकून घेता आला पाहिजे. आणि कदाचित राग नसेलच. स्पर्धा सोडायचं तिने आधीच ठरवलेलं असेल, त्या डीक्यूचा त्याच्याशी काही संबंधही नसेल. ‘तिची शेवटची शर्यत ठरली’ असं तू लिहिलंयस, पण ती का ठरली हे तू तिला कधी विचारलेलं दिसत नाही.

ती नको म्हणाली तर नको. कारण विचारू नकोस, गळ घालू नकोस. आणि नावं गाळून तेच लिहायची पळवाट तर अजिबात शोधू नकोस. क्लबमध्ये सगळ्यांना कळेलच कोणाबद्दल आहे ते.

दुसरा फोन ब्रेस्टस्ट्रोकवालीला. या चेंजओव्हरच्या दुसऱ्या टोकाला ती आहे. शेवटचा स्ट्रोक आपण आखूड घेतला म्हणून हे झालं, असं तिच्या मनात असू शकतं. अशी मुलगी हे कोणाला सांगत नाही, कारण दोष तर दुसरीच्या नावावर लागलेला असतो. तिला विचार, तिला काय आठवतं. आणि लिहिताना ‘ती भिंतीजवळ थांबली’, ‘तिचा अंदाज चुकला’ अशा अर्थाचं एकही वाक्य येऊ देऊ नकोस, अनवधानानेही. भिंतीशी कसं यायचं हा तिचा हक्क आहे, ते पाहून सुटणं हे तुझं काम होतं.

बॅकस्ट्रोकवालीला फोन कर तो चांगली गोष्ट सांगायला. रिलेतली पहिली पोहणारी सिग्नलवर सुटते. तिने आपलं अंतर नियमाने पूर्ण केलं असेल तर पुढच्या कोणामुळे टीम बाद झाली म्हणून तिची विक्रमी वेळ रद्द होत नाही. नियमातच तशी तरतूद आहे. तिची त्या दिवशीची वेळ विक्रमी नसली तरी ही गोष्ट तिला माहीत असू दे, आणि तिची वेळ काय होती ती विचारून घे. चौघींच्या स्प्लिट, म्हणजे प्रत्येकीच्या लेगच्या वेगळ्या वेळा, तुमच्या सरांच्या वहीत असण्याची चांगलीच शक्यता आहे. कोच लोक स्टॉपवॉच बंद करतात ते शेवटच्या हाताला, डीक्यू त्यानंतर येतं. ते आकडे माग, आणि स्मरणिकेत छापून येऊ देत. ती वेळ तुम्ही पोहलेली आहे.

आता घरच्यांचं. ‘चांगलं काहीतरी छापून येऊ दे’ यात त्यांचं प्रेम आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण चांगलं म्हणजे काय, यावर माझं मत वेगळं आहे. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिम्पिकमध्ये इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी १०० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये १:५२.७२ अशा वेळेत पोहला. पोहायला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या हीटमधले बाकीचे दोघे, एक नायजरचा आणि एक ताजिकिस्तानचा, चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले, म्हणून तो एकटाच पोहला. शेवटच्या मीटरांत तो जेमतेम पुढे सरकत होता आणि सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. त्या प्रकाराचं सुवर्ण नेदरलँड्सच्या पीटर व्हॅन डेन होगेनबँडने घेतलं, ४८.३० सेकंदांत, आणि तो थोर जलतरणपटू होता. तरी सिडनीतली १०० मीटर फ्रीस्टाइल म्हटलं की पुष्कळांना आधी मुसाम्बानी आठवतो. मला त्या हीटमधले बाद झालेले ते दोघेही आठवतात. ते पाण्यात असते तर ही शर्यत कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

तुमच्या स्मरणिकेत पदकांची पानं भरपूर असतील. क्लबमधली दहा-बारा वर्षांची मुलं ती चाळतील, फोटो पाहतील. त्यांच्यातली कोणीतरी येत्या एक-दोन वर्षांत बाद होणारच आहे. कोणी ब्रेस्टस्ट्रोकला एका हाताने टर्न करेल, कोणी ब्लॉकवर हलेल, कोणी रिलेत लवकर सुटेल. मुलं त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसतात आणि बाहेर येत नाहीत. आपल्या क्लबची सुवर्णपदकवाली दीदी स्वतःच्या नावाने, सरळ भाषेत ‘मी बाद झाले होते’ असं छापते, हे त्या पोरांना पदकाच्या फोटोपेक्षा जास्त लागेल. रडगाण्याची भीती तू लिहिली आहेस, ती मला पटत नाही. काय झालं ते नीट सांगितलं तर ते रडगाणं होत नाही. मला किती वाईट वाटलं हेच पानभर लिहिलंस तर मात्र होईल.

तेव्हा लिहिताना सुरुवात ब्लॉकवरून कर. सकाळी किती वाजता उठलो, वॉर्मअप कसा झाला, हॉल किती भरला होता, हे सगळं सोड. एकच पान आहे. तू लवकर सुटलीस हे पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगून टाक. ते शेवटी धक्का देण्यासाठी राखून ठेवू नकोस, नाहीतर वाचणारा मधलं सगळं पोहणं विसरून फक्त त्या डीक्यूची वाट पाहील. मग चेंजओव्हर लिही, अगदी जवळून. तिचे हात कुठे होते, तिची टोपी कुठे होती, तू काय पाहून हात फिरवलेस. मग स्वतःचे १०० मीटर दोन ओळींत उरक. आणि उरलेलं अर्धं पान शेवटच्या लेगला दे. मैत्रिणीच्या मनात काय चाललं होतं ते लिहू नकोस, ते तुला माहीत नाही. तू काय पाहिलंस तेवढंच लिही. मिठी येऊ दे, बोर्डही येऊ दे. ‘या प्रसंगाने मला शिकवलं की’ अशी ओळ आली तर खोडून टाक.

मिठीवरून आठवलं. तुम्ही काठावर होतात ना? क्लबच्या लहान मुलांसाठी पानात कंसात का होईना, एक ओळ घाल की सगळ्या टीम पोहून होईपर्यंत कोणी आनंदाने पाण्यात उडी मारायची नाही. २००१च्या फुकुओका जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी ४ बाय २०० फ्रीस्टाइल रिलेत पहिला नंबर गाठला आणि बाकीच्या टीम अजून पोहत असताना आनंदाने पाण्यात उड्या मारल्या. टीम बाद झाली, सुवर्ण गेलं. मुलांना हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी विचारते. त्यानंतर रिलेत उतरलीस का? आणि उतरली असशील तर ब्लॉकवर कशी उभी राहतेस? एकदा लवकर सुटून बाद झालेली मुलं नंतर फार उशिरा सुटतात. हात भिंतीला लागलेला दिसल्यावर मग वाकायला लागतात. त्यात अर्धा सेकंद सहज जातो आणि कोणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांना जुनं आठवत असतं. तुझं तसं होत असेल तर सरांना स्पष्ट सांग. सराव संपताना ब्रेस्टस्ट्रोकच्या मुलीला पुन्हा पुन्हा भिंतीशी यायला लाव, कधी लांब सरकत, कधी आखूड स्ट्रोक मारून, तुला आधी न सांगता. एकाने तिचा हात पाहायचा, एकाने तुझे पाय. नजर तिच्या डोक्यावर ठेवू नकोस, खांदे आणि हातांवर ठेव. डोकं वर आहे की खाली यावरून अंदाज फसतो, हात पुढे निघाले की फारसा फसत नाही. आठवड्यातून दोनदा हे केलंस तर महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसायला लागेल.

आणि मैत्रीण नाही म्हणाली, तर सुवर्णपदकावर लिही, पण खरं लिही. ही शर्यत मला आठवत नाही, असंच सुरू कर. काय आठवतं ते शोध. पदक गळ्यात पडताना हात वर जात नव्हते का? तिसऱ्या लॅपला काय झालं? कोणी काठावरून काय ओरडलं? चार-पाच तुकडे सापडतील, तेवढे पुरतात. नाहीतर त्याहून जुनी एखादी गोष्ट घे. पहिल्यांदा बटरफ्लायचा पूर्ण लॅप न थांबता, दोन्ही हात एकदम भिंतीला लावून संपवला तो दिवस बहुतेक बटरफ्लायवाल्यांना लख्ख आठवतो, आणि तुलाही आठवत असेल.

सरांनी मजकूर कधीपर्यंत मागितलाय ते तू लिहिलेलं नाहीस. जो दिवस असेल त्याच्या निदान आठवडाभर आधी तुझं पान तिघींना वाचायला दे, शेवटच्या लेगवालीला सगळ्यांत आधी. तिने काही खोडलं तर खोडलेलं राहू दे. तिने टर्नबद्दल किंवा शेवटच्या मीटरांबद्दल काही सांगितलं, जे तुला काठावरून दिसलं नव्हतं, तर ते तिच्या नावाने पानात घाल आणि मगच सरांकडे पाठव.

तुझी,
ताई